मूत्राशयात सोडायचे औषध, शिरेतून द्यायचे औषध आणि मध्ये असलेली मूत्रपिंडे

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. वडिलांचे वय ६२ आणि वजन ६० किलो आहे. लघवीतून न दुखता रक्त गेले म्हणून तपासणी झाली, दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली आणि बायोप्सीत हाय ग्रेड टी-१ प्रकारचा (म्हणजे पेशी आक्रमक, पण रोग स्नायूपर्यंत न पोहोचलेला) मूत्राशयाचा कर्करोग निघाला. दुसऱ्यांदा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यांत स्नायूचा थर मोकळा आढळला असून आता दर आठवड्याला मूत्राशयात बीसीजी (मुळात क्षयावरची लस) सोडायचे ठरले आहे. घरातल्यांना शंका अशा आहेत: कर्करोगाला क्षयाची लस का, ‘खरी’ केमोथेरपी सलाइनमधून का नाही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कळणारा रक्तातला आकडा) १.६ असताना पुढे कधी ती द्यावी लागली तर काय होईल, आणि मावशींना स्तनाच्या कर्करोगाच्या केमोनंतर लघवीतून रक्त गेले होते तसे वडिलांना होईल का.

या सगळ्या शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती समजली की उरलेले उलगडत जाते. मूत्रमार्गाच्या कर्करोगात औषध निवडताना ते किती ‘जहाल’ आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. ते कोणत्या वाटेने आत जाते, कर्करोगाच्या पेशींशी किती वेळ आणि किती तीव्रतेने संपर्कात राहते आणि शरीरातून कोणत्या वाटेने बाहेर पडते, यावर गुण आणि अपाय दोन्ही अवलंबून असतात. मूत्रपिंडे आणि मूत्राशय हे इथे रोगाचे ठिकाणही आहे आणि अनेक औषधांची बाहेर जाण्याची वाटही आहे, त्यामुळे हा हिशेब इतर अवयवांपेक्षा अधिक काटेकोरपणे करावा लागतो.

आधी मूत्राशयाच्या अस्तराविषयी. लघवीतले टाकाऊ पदार्थ तासन्‌तास साठवूनही ते रक्तात परत शिरू नयेत यासाठी मूत्राशयाच्या आतल्या पृष्ठभागावर मोठ्या, चपट्या पेशींचा थर असतो. त्यांच्या पडद्यात युरोप्लाकिन नावाची प्रथिने घट्ट रचलेली असतात आणि त्यावर पाणी धरून ठेवणारा शर्करायुक्त लेप असतो. शरीरातल्या सर्वांत अभेद्य अस्तरांपैकी हे एक आहे. मूत्राशयात सोडलेले औषध म्हणूनच बहुतांशी मूत्राशयातच राहते. रेणू जितका मोठा तितके त्याचे रक्तात झिरपणे कमी. मूत्राशयात सोडायच्या केमो-औषधांपैकी पूर्वी वापरात असलेल्या थायोटेपाचा रेणुभार सुमारे १८९ असल्याने ते बऱ्याच प्रमाणात रक्तात उतरत असे आणि काही रुग्णांत पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटत असत. मायटोमायसिनचा रेणुभार सुमारे ३३४ आणि डॉक्सोरुबिसिनचा ५४० च्या पुढे असल्याने त्यांच्याबाबत ही अडचण क्वचितच येते. केस गळणे, अस्थिमज्जा दबणे, उलट्या होणे हे परिणाम मूत्राशयातल्या उपचारांत सहसा दिसत नाहीत याचे कारण औषध ‘सौम्य’ असणे हे नसून त्याला रक्तात जायची वाटच फारशी नसणे हे आहे.

मात्र याच बंदिस्तपणामुळे एक जबाबदारी येते, आणि प्रत्यक्ष व्यवहारात तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. औषध मूत्राशयात गेल्यावर त्यात सतत नवी लघवी मिसळत राहते. मायटोमायसिनचे उदाहरण घ्या. ४० मिलिग्रॅम औषध २० मिलिलिटर पाण्यात विरघळवले तर तीव्रता मिलिलिटरला २ मिलिग्रॅम होते. रुग्णाने येण्यापूर्वी भरपूर पाणी प्यायले असेल आणि मिनिटाला १ मिलिलिटर लघवी तयार होत असेल, तर दोन तासांत १२० मिलिलिटर लघवीची भर पडून तीच तीव्रता मिलिलिटरला ०.३ मिलिग्रॅमच्याही खाली येते, म्हणजे सुरुवातीच्या सातव्या हिश्श्याइतकी. मायटोमायसिनची दुसरी खोड अशी की आम्लधर्मी लघवीत ते लवकर निकामी होते. या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन, म्हणजे आधी पाणी कमी पिणे, मूत्राशय पूर्ण रिकामे करणे, तोंडाने सोडियम बायकार्बोनेट देऊन लघवी अल्कधर्मी करणे आणि औषध अधिक तीव्र द्रावणात देणे, असा एक चाचणी-अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी रोग न उलटलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत सुमारे २५ टक्के, तर सुधारित पद्धतीत ४१ टक्के होते. दोन्ही गटांना मायटोमायसिनच मिळाले होते. मुख्य फरक होता तो मात्रा, द्रावणाची तीव्रता आणि औषधाला काम करू देणारी परिस्थिती यांचा. पाणी किती वाजता बंद करायचे हे सांगण्याइतके साधे काम उपचाराचाच भाग मानले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

गाठ काढल्याबरोबर, शक्यतो २४ तासांच्या आत, मायटोमायसिनची किंवा जेमसायटाबिन या दुसऱ्या केमो-औषधाची एक मात्रा मूत्राशयात सोडण्याची पद्धत आहे. खरवडताना सुटलेल्या पेशी दुसरीकडे चिकटून रुजू नयेत, हा तिचा हेतू. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात लो ग्रेड (कमी आक्रमक) वाटणाऱ्या गाठींमध्ये जेमसायटाबिनची अशी एकच मात्रा दिल्यावर चार वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. खरवडताना मूत्राशयाला भोक पडले असल्याची शंका असेल तर मात्र ही मात्रा देत नाहीत, कारण औषध पोटात सांडले तर गंभीर इजा होते. वडिलांना अशी मात्रा मिळाली की नाही हे डिस्चार्ज कार्डावर पाहा. मिळाली नसेल तरी बीसीजीच्या निर्णयात त्याने फरक पडत नाही.

आता बीसीजी. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गुरांना क्षय देणारा जिवाणू तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून दुर्बल केला आणि १९२१ मध्ये तो प्रथम माणसाला लस म्हणून दिला गेला. मूत्राशयाच्या कर्करोगात त्याचा यशस्वी वापर कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अवघ्या नऊ रुग्णांच्या अनुभवावरून मांडला. आठवड्याला एक याप्रमाणे सहा मात्रा, हा आजही चालू असलेला प्रघात तिथूनच आला. आपल्या दृष्टीने जवळची गोष्ट म्हणजे मूत्राशयात सोडण्यासाठीचे बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. बाळाच्या दंडावर टोचायच्या लशीशी त्याचे नाते सख्खे आहे, परंतु मात्रा कितीतरी पटीने मोठी असते आणि दोन्ही कुप्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत.

हे औषध कर्करोगाच्या पेशींना स्वतः मारते असे नाही. जिवंत जिवाणू मूत्राशयाच्या अस्तरातील फायब्रोनेक्टिन या प्रथिनाच्या आधाराने चिकटतात, पेशींच्या आत शिरतात, आणि त्या पेशी संकटाचे रासायनिक संदेश सोडू लागतात. त्यासरशी आधी न्यूट्रोफिल, मग मॅक्रोफेज, टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी तिथे गोळा होतात, आणि जिवाणूवर उठलेली ही प्रतिकारशक्ती शेजारच्या कर्करोगाच्या पेशींनाही ओळखून मारते. पहिल्या दोन मात्रांनंतर काहीच त्रास होत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या मात्रेपासून जळजळ, वारंवार लघवी, थोडी कणकण सुरू होते, याचे कारण हेच आहे: प्रतिकारशक्तीला जागे व्हायला तितके आठवडे लागतात. ही जागृती पुढे मंदावते, म्हणून सहा मात्रांवर न थांबता तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी तीन-तीन साप्ताहिक मात्रा देतात. वडिलांसारख्या जास्त जोखमीच्या रुग्णांत हा क्रम तीन वर्षांपर्यंत चालवण्याचा सल्ला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्ण पहिल्या सहा मात्रांनंतर बरे वाटते म्हणून येणे थांबवतात. फायद्याचा मोठा वाटा त्या पुढच्या मात्रांत असतो, एवढे घरात सर्वांनी मनावर घ्यावे.

बीसीजी जिवंत आहे ही गोष्ट विसरली तर दोन दिशांनी नुकसान होते. एक म्हणजे आपणच ते निष्प्रभ करतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सर्रास दिली जाणारी प्रतिजैविके मायकोबॅक्टेरियावरही, म्हणजे बीसीजी ज्या जिवाणूंच्या गटातले आहे त्यांच्यावरही, काम करतात, आणि जळजळ होते म्हणून गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून घेतलेला पाच दिवसांचा कोर्स त्या आठवड्याच्या मात्रेवर पाणी फिरवू शकतो. बीसीजीनंतरची जळजळ बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची नसते. लघवीचे कल्चर करून मगच प्रतिजैविकाचा विचार व्हावा. जळजळीवर फेनाझोपायरिडिन (त्याने लघवी नारिंगी होते, घाबरू नये) आणि सतत घाई लागत असेल तर सोलिफेनासिन किंवा ऑक्सिब्युटिनिनसारखे मूत्राशयाच्या स्नायूचे आकुंचन कमी करणारे औषध उपयोगी पडते. मात्र वडिलांना प्रोस्टेटचा त्रास असून लघवी पूर्ण होत नसेल तर या दुसऱ्या प्रकारच्या औषधाने लघवी अडकू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

दुसरी दिशा अधिक गंभीर आहे. मूत्राशयाचे अस्तर फाटलेले असताना बीसीजी सोडले तर जिवाणू थेट रक्तात जातात. म्हणून गाठ खरवडल्यानंतर किमान दोन आठवडे थांबतात, लघवी डोळ्यांना दिसेल इतकी लाल असेल तर मात्रा पुढे ढकलतात, आणि कॅथेटर घालताना रक्त आले तरीही त्या दिवशी औषध सोडत नाहीत. ‘आता आलोच आहोत तर सोडून टाका’ असा आग्रह नातेवाइकांनी कधीही धरू नये. मात्रेनंतर पहिल्या दिवशी थोडा ताप येणे अपेक्षित आहे. परंतु ताप १०१.३ फॅरनहाइटच्या वर जाऊन दोन दिवस उतरत नसेल, किंवा १०२ च्या पुढे जाऊन थंडी वाजत असेल, दम लागत असेल, तर ताबडतोब रुग्णालयात जावे आणि तिथे ‘मूत्राशयात बीसीजी चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. त्या वेळी क्षयावरची औषधे द्यावी लागतात, पण एक बारकावा असा की बीसीजीचा जिवाणू मुळात गुरांच्या क्षयाच्या वंशातला असल्याने पायराझिनामाइडला तो जात्याच दाद देत नाही. त्यामुळे आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांच्यावरच भिस्त ठेवतात. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांच्या एकत्रित गोळीची सवय असलेल्या आपल्याकडे हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. बीसीजीचा संसर्ग प्रोस्टेट, फुप्फुस किंवा मणक्यात काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो, म्हणून ही नोंद वडिलांच्या कागदपत्रांत कायम राहू द्या.

घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता किंवा वडिलांची मँटू चाचणी (क्षयासाठीची त्वचेवरची चाचणी) सकारात्मक आहे एवढ्याने बीसीजी नाकारायचे कारण नाही. सक्रिय क्षय मात्र नाही ना हे छातीच्या एक्स-रेने पाहून घ्यावे. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी अन्य औषधे चालू असतील तर ते आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. औषध सोडल्यावर दोन तास लघवी रोखायची, त्यानंतर सहा तास पुरुषांनीही बसून लघवी करायची, प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटे थांबून मग पाणी सोडायचे. दोन तास झाल्यावर भरपूर पाणी प्यायचे, आधी नाही.

आता सलाइनमधून का नाही, या शंकेकडे येतो. वडिलांचा रोग सध्या अस्तर आणि त्याखालच्या पातळ थरापुरता आहे. तिथे पुन्हा नव्या गाठी उगवू नयेत आणि असलेला रोग स्नायूत उतरू नये हा हेतू आहे, आणि त्या जागी औषधाची जी तीव्रता मूत्राशयातून देऊन मिळते ती शिरेतून द्यायची म्हटले तर बाकीचे शरीर ती सोसू शकणार नाही. शिरेतली केमो या टप्प्यावर दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते असा आधारही नाही. ‘खरी केमो टाळली’ असे समजू नका. या अवस्थेत बीसीजीला खरा पर्याय असेल तर तो मूत्राशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा, आणि अनेक गाठी, सोबत पसरट कार्सिनोमा इन सिटू (अस्तरापुरताच असलेला, पण आक्रमक कर्करोग) किंवा रक्तवाहिन्यांत शिरकाव अशी चिन्हे असतील तर तो पर्याय सुरुवातीलाच चर्चेत घ्यावा लागतो. वडिलांच्या बायोप्सीच्या अहवालात या तीन गोष्टींविषयी काय लिहिले आहे ते आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

रोग स्नायूत उतरला किंवा मूत्राशयाबाहेर गेला तर चित्र बदलते आणि तिथे शिरेतून द्यायच्या सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त केमो-औषधाचे महत्त्व येते. प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांभोवती जिवाणूंचे विभाजन थांबते हे बार्नेट रोझेनबर्ग यांना अमेरिकेत १९६५ मध्ये योगायोगाने आढळले आणि १९७८ मध्ये या औषधाला तिथे मान्यता मिळाली. वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगाचे बहुसंख्य तरुण रुग्ण आज पूर्ण बरे होतात, ते मुख्यतः याच औषधामुळे. त्याची चाल पाहण्यासारखी आहे. रक्तात क्लोराइडचे प्रमाण लिटरला १०० मिलिमोलच्या आसपास असते, त्यामुळे रेणूवरचे दोन क्लोराइड अणू जागेवर राहतात आणि औषध बऱ्यापैकी निष्क्रिय असते. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी असते. तिथे ते अणू सुटतात, त्यांची जागा पाणी घेते, आणि मोकळे झालेले प्लॅटिनम डीएनएतील ग्वानिन या घटकाला पकडून शेजारचे दोन दुवे एकमेकांना जखडते. अशा डीएनएची नक्कल होत नाही आणि पेशी मरते.

हेच मूत्रपिंडातही घडते. लघवी तयार करणाऱ्या नलिकांच्या पेशींवर ओसीटी-२ नावाचा वाहक असतो आणि तो सिस्प्लॅटिनला रक्तातून ओढून पेशीत भरतो, त्यामुळे त्या पेशींतली तीव्रता रक्तातल्यापेक्षा बरीच वाढते. क्रिएटिनिन वाढणे, मॅग्नेशियम लघवीतून वाहून जाणे आणि त्यामागून पोटॅशियमही घसरणे, हा क्रम इथून सुरू होतो. औषधाच्या आधी आणि नंतर सलाइन भरपूर देणे, त्यात मॅग्नेशियम घालणे आणि लघवीचा प्रवाह चालू ठेवणे हे उपाय म्हणूनच अनिवार्य आहेत. सलाइन म्हणजे मिठाचे पाणी, आणि त्यातले क्लोराइडही औषधाला बाटलीत असेपर्यंत स्थिर ठेवते. नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात सिस्प्लॅटिन मिसळत नाहीत ते याचसाठी. कानाला आणि हातापायांच्या नसांना होणारी इजा मात्र पाण्याने टळत नाही, ती एकूण मात्रेबरोबर वाढत जाते.

वडिलांच्या क्रिएटिनिनचा अर्थ इथे लावावा लागतो. १.६ हा आकडा ‘थोडा वाढलेला’ दिसतो, पण वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेली मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता पाहा: १४० मधून वय वजा केले की ७८, त्याला ६० ने गुणले की ४६८०, आणि ७२ गुणिले १.६ म्हणजे ११५.२ ने भागले की मिनिटाला सुमारे ४१ मिलिलिटर. सिस्प्लॅटिन सुरक्षितपणे देण्यासाठी सामान्यतः ६० ची मर्यादा धरतात. त्याखेरीज दिवसाचा बराच वेळ अंथरुणावर जाणे, ऐकू कमी येणे, हातापायांना मुंग्या असणे आणि हृदय लक्षणीय कमजोर असणे हेही अडथळे मानले जातात. आजच्या आकड्यावर वडील सिस्प्लॅटिनला पात्र नाहीत.

पण हा आकडा कायमचा आहे की अडथळ्यामुळे चढलेला, हे कोणी पाहिले आहे का? मूत्राशयातल्या गाठीने मूत्रवाहिनीचे तोंड दाबले किंवा प्रोस्टेटमुळे लघवी साठून राहिली तर मूत्रपिंडे फुगतात आणि क्रिएटिनिन चढते. सोनोग्राफीत मूत्रपिंडांना सूज दिसली आणि स्टेंट घालून, पाठीतून नळी टाकून किंवा प्रोस्टेटचा इलाज करून ती उतरवली, तर काही आठवड्यांत गाळण्याची क्षमता पुन्हा ६० च्या वर जाऊ शकते. मधुमेहाने आणि रक्तदाबाने वर्षानुवर्षे झिजलेल्या मूत्रपिंडाबाबत ते शक्य नसते. हा फरक शोधण्याची वेळ आज आहे, गरज पडेल तेव्हाची नाही, कारण रोग स्नायूत उतरल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या सिस्प्लॅटिनयुक्त केमोचा आयुर्मानावर खरा परिणाम होतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात मध्यम आयुर्मान नुसत्या शस्त्रक्रियेने ४६ महिने, तर आधी केमो देऊन ७७ महिने होते.

‘मग कार्बोप्लॅटिन (त्याच प्लॅटिनम गटातले दुसरे औषध) द्या’ असे अनेकदा सुचवले जाते. कार्बोप्लॅटिन मूत्रपिंडाला फारसे इजा करत नाही, पण ते बाहेर पडते मूत्रपिंडातूनच, त्यामुळे त्याची मात्रा शरीराच्या आकारमानावर न ठरवता गाळण्याच्या क्षमतेवर ठरवतात. १९८९ मध्ये काल्व्हर्ट यांनी दिलेले सूत्र सोपे आहे: रक्तातला अपेक्षित एकूण संपर्क गुणिले, गाळण्याची क्षमता अधिक २५. वडिलांबाबत संपर्काचा आकडा ४.५ धरला तर ४.५ गुणिले ६६, म्हणजे सुमारे ३०० मिलिग्रॅम. पसरलेल्या रोगात, सिस्प्लॅटिन शक्य नसताना, ते जेमसायटाबिनसोबत उपयोगी आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या टप्प्यावर मात्र त्याने सिस्प्लॅटिनइतका लाभ सिद्ध केलेला नाही. तिथे कार्बोप्लॅटिन देत शस्त्रक्रिया लांबवणे मला योग्य वाटत नाही. पसरलेल्या रोगाचे चित्र अलीकडे पुष्कळ बदलले आहे: एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन (केमो कर्करोगाच्या पेशींपर्यंत नेणारे प्रतिपिंड) आणि पेम्ब्रोलिझुमॅब (प्रतिकारशक्ती मोकळी करणारे औषध) यांच्या जोडीने २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात मध्यम आयुर्मान ३१.५ महिने, तर प्लॅटिनमयुक्त केमोने १६.१ महिने आढळले. या जोडीला मूत्रपिंडाची मर्यादा तितकी कडक नाही, खर्चाची आहे.

उलट्यांची भीती सिस्प्लॅटिनच्या नावाला अजून चिकटलेली आहे, आणि एके काळी ती खरी होती. आज ॲप्रेपिटंट, ऑन्डान्सेट्रॉनच्या गटातील औषध, डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन एकत्र दिल्यावर बहुतेक रुग्ण घरी नीट जेवतात. ओलान्झापिनच्या १० मिलिग्रॅमच्या रूढ मात्रेने दिवसभर गुंगी येते. तीव्र उलट्या करवणाऱ्या केमोत २.५ मिलिग्रॅम तितकेच चालते आणि गुंगी कमी होते हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील अभ्यासाने २०२४ मध्ये दाखवून दिले.

मावशींच्या अनुभवाविषयी. स्तनाच्या कर्करोगात सायक्लोफॉस्फामाइड देतात, आणि लघवीतून रक्त जाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. हे औषध यकृतात गेल्यावरच सक्रिय होते. तिथे त्याचे तुकडे होऊन एक कर्करोग मारणारा आणि दुसरा ॲक्रोलिन नावाचा दाहक पदार्थ तयार होतो. ॲक्रोलिन लघवीत उतरून मूत्राशयात साठते आणि अस्तर अक्षरशः भाजते. नेहमीच्या मात्रांत भरपूर पाणी, सकाळची वेळ आणि रात्री झोपण्यापूर्वी मूत्राशय रिकामे करणे एवढ्याने सहसा भागते. मोठ्या मात्रांत आणि आयफॉस्फामाइड या त्याच्याच भावंड औषधासोबत मेस्ना हे संरक्षक औषध द्यावेच लागते. जर्मनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले हे औषध मला या साऱ्या शास्त्रातले अतिशय सुंदर काम वाटते. रक्तात शिरल्यावर त्याचे दोन रेणू जोडले जाऊन ते निष्क्रिय होते, त्यामुळे कर्करोगावरच्या औषधाच्या कामात ते ढवळाढवळ करत नाही. मूत्रपिंडात पोहोचल्यावर ते पुन्हा सुटे होते आणि लघवीतल्या ॲक्रोलिनला बांधून निरुपद्रवी करते. मूत्राशयाचे रक्षण ते करते, पण आयफॉस्फामाइडने मूत्रपिंडाच्या नलिकांना होणारी इजा त्याने टळत नाही, कारण ती क्लोरोॲसिटाल्डिहाइड या वेगळ्याच पदार्थामुळे होते. वडिलांना यांतले कोणतेही औषध देण्याचा विचार नाही, तेव्हा मावशींसारखा त्रास त्यांना त्या कारणाने होणार नाही. मावशींना मात्र हे सांगा: सायक्लोफॉस्फामाइड एकूण मोठ्या प्रमाणात घेतलेल्यांना पुढे मूत्राशयाच्या कर्करोगाची जोखीम थोडी वाढते, म्हणून लघवीत पुन्हा कधी रक्त दिसले तर ‘मागेही झाले होते’ म्हणून सोडून देऊ नये.

शेवटी वडिलांच्या रोजच्या गोळ्या. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर ते आजच डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. मूत्राशयाच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधाच्या शंकेवरून २०१३ मध्ये भारतात त्याची विक्री काही आठवडे थांबवली होती आणि नंतर ठळक इशाऱ्यासह परवानगी दिली. ज्याला हा रोग आहे त्याने ते घेऊ नये याबाबत दुमत नाही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या ४१ क्षमतेच्या मूत्रपिंडाला आत्ताच घातक आहेत आणि पुढे कधी सिस्प्लॅटिन दिले गेले तर अधिकच, पॅरासिटामॉलवर भागवावे. ताप आल्यावर कुठेही सहज टोचले जाणारे ॲमिकासिन किंवा जेंटामायसिन हेही मूत्रपिंड आणि कान या दोन्हींना सिस्प्लॅटिनसारखेच झोंबते, म्हणून क्रिएटिनिनचा आकडा सांगितल्याशिवाय ते घेऊ नका. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर ते चालू राहू द्या, कारण मूत्राशय पूर्ण रिकामे होणे बीसीजीच्या दिवशी महत्त्वाचे आहे. फक्त, जुलाब किंवा उलट्यांनी अशक्तपणा आला असेल तेव्हा या गोळीमुळे एकदम उठताना चक्कर येऊ शकते, याची काळजी घ्यावी. ॲस्पिरिनच्या लहान गोळीमुळे बीसीजी थांबवावे लागत नाही. भस्मे किंवा घटक न लिहिलेल्या पुड्या चालू असतील तर त्या बंद करा आणि डॉक्टरांना न संकोचता सांगा. त्यांतील जड धातूंचा पहिला मार मूत्रपिंडावरच पडतो.

बीसीजीच्या पहिल्या मात्रेपूर्वी मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात उरणाऱ्या लघवीचे मोजमाप करून घ्या, आणि सहा मात्रांनंतर सुमारे सहा आठवड्यांनी दुर्बिणीची तपासणी व लघवीतील पेशींची तपासणी यांची तारीख आत्ताच ठरवा.